तिसरा रकाना : व्यायाम शिकवणाऱ्यांच्या शिक्षणासाठी एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : व्यायाम व आहार प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम मराठीतून आणि प्रत्यक्ष हाताखाली शिकवून सुरू करण्याबाबत



मी कोल्हापुरात गेली एकोणीस वर्षं व्यायाम शिकवते, त्यातही मुख्यतः बायकांना. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकीचं नाव एका लांब वहीत लिहिलं जातं. पहिला रकाना नावाचा, दुसरा वयाचा, तिसरा गोळीचा. गोळी म्हणजे रोज चालू असलेलं औषध. रक्तदाबाचं, साखरेचं, थायरॉइडचं, आकडीचं, जे असेल ते. वजन आणि कंबर हे रकाने त्याच्यानंतर येतात. हा तिसरा रकाना मला कुठल्याही अभ्यासक्रमाने शिकवला नाही. एका बाईच्या जिवावर बेतलं, त्यानंतर मी तो आखला. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

शहरातल्या एका जिममध्ये मी नोकरीला लागले तेव्हा माझं शिक्षण होतं बी.कॉम. तिथे तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. पहिल्या दिवशी मशिनांची नावं, दुसऱ्या दिवशी त्यांची सेटिंग, तिसऱ्या दिवशी पॅकेज कसं विकायचं. मग एका खासगी संस्थेचा दर रविवारी भरणारा सहा आठवड्यांचा कोर्स केला. आईने भिशी उचलून फी भरली. परीक्षा साठ प्रश्नांची, चार पर्यायांची, इंग्रजीतून. पाठांतर चांगलं होतं, मी पास झाले. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं आणि जिमने माझ्या फोटोखाली ‘फिटनेस अँड न्यूट्रिशन एक्स्पर्ट’ असं छापून भिंतीवर लावलं. सहा रविवार म्हणजे सहा दिवस. त्या सहा दिवसांत एकाही अनोळखी माणसाच्या शरीराला मी हात लावलेला नव्हता.

अकराच्या लेडीज बॅचला नुकत्याच निवृत्त झालेल्या एक प्राथमिक शिक्षिका यायच्या. गुडघे दुखतात म्हणून वजन उतरवायचं होतं. मी त्यांची रात्रीची भाकरी बंद केली, मग सकाळचीही. कागदावर लिहून दिलं : अंड्याचा पांढरा भाग, काकडी, ग्रीन टी. जन्मभर पोरांना शिस्त लावलेल्या बाई त्या, दिलेला कागद त्यांनी तंतोतंत पाळला. साखरेची गोळी मात्र नेहमीच्या वेळी चालू होती. ती चालू आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. साखरेच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही हे त्या बघत नाहीत. त्यात व्यायाम केला की स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात. हे आज मी झोपेतून उठून सांगेन. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सतरंजीवर पाय उचलायचा व्यायाम चालू असताना बाई थांबल्या. कपाळावर घाम, तोही गार. बोटं थरथरत होती. मी म्हटलं, ‘बाई, अजून पाच.’ त्या काहीतरी बोलल्या, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मी पंखा मोठा केला आणि त्यांना आडवं केलं, कारण व्यायाम अंगाला लागला की असं होतं, असं मला वाटलं. बॅचमध्ये सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या. त्या दोन ढांगांत आल्या, बाईंचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता ओरडल्या, ‘साखर आणा आधी!’ चहाच्या टपरीवरून साखर आली. पाण्यात तीन चमचे घालून त्यांनी ती घोट घोट पाजली, मग घड्याळ बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. माझ्या मनगटाला धरून त्या एवढंच म्हणाल्या, ‘पोरी, तू मला गोळी विचारली नाहीस.’

त्यांनी तक्रार केली नाही. जिमच्या व्यवस्थापकाने मला सांगितलं की बाहेर बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी मी त्याच भिंतीखाली, त्याच फोटोखाली उभी राहून पुढच्या बॅचला आहार सांगत होते. मला अडवणारा नियम नव्हता, आणि आजही नाही. पुढे मी माझा स्वतःचा हॉल सुरू केला तेव्हा जागेचे कागद झाले, भाडेकरार झाला, वीजमीटर आला. तू काय शिकलीस, हा प्रश्न एकाही फॉर्मवर नव्हता.

महोदय, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना डॉक्टर पहिला सल्ला देतात तो व्यायामाचा. म्हणजे चाळिशीपुढचं जे माणूस जिमच्या दारातून आत येतं, त्याला साखर असणं हा अपवाद धरता येत नाही. डॉक्टरने व्यायाम करा म्हणून धाडलेलं माणूस आत आलं की कोणाच्या हातात पडतं? एकोणीस वर्षांपूर्वी ज्या मुलीच्या हातात पडायचं, बहुतेक ठिकाणी आजही तिच्याच.

माझे वडील तालमीतले. फार मोठे पैलवान नव्हेत, गावच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात केलेले. पण त्यांना शिकवलं कसं गेलं ते मी लहानपणापासून ऐकत आले. तालमीत आलेल्या पोराला आरंभी कुस्ती नाहीच. पहाटे चारला उठून हौदा उकरायचा. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं. फावड्याने ती खालीवर करता करता पाठ, खांदा, मनगट तयार होतं. वस्ताद कडेला बसून बघणार. पोरगा तोंडाने श्वास घेतो का, एकाच बाजूला झुकतो का, काल मार खाल्लेला पाय आज चोरतो का. मग जोर, बैठका, सपाट्या, त्याही ज्याच्या त्याच्या बेताने. पन्नासाचे साठ केव्हा करायचे ते वस्ताद ठरवणार. खुराकाचं तसंच. कुणाला बदामाची थंडाई झेपते आणि कुणाला तूप पचत नाही, हे त्याला पोराच्या तोंडाकडे बघून कळायचं. वस्तादाकडे प्रमाणपत्र नव्हतं, पण त्याच्या नजरेखालून शेकडो शरीरं गेलेली होती.

तालमीतलं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. निखळलेला खांदा तिथे ओढून बसवला जायचा, आणि वडिलांचा डावा हात आज खांद्याच्या वर जात नाही तो त्याच ओढण्यामुळे. कुस्ती सुटली तरी खुराक सुटत नाही आणि चाळिशीत साखर मागे लागते, हे आमच्याच गल्लीत दोन-तीन घरांत झालं. मुलगी म्हणून मला तालमीचा उंबरा ओलांडता आला नाही, ते वेगळंच. पण शिकवणारा शिकणाऱ्याच्या शेजारी उभा असायचा, वर्षानुवर्षं. माझ्या सहा रविवारांमध्ये नेमकं तेच नव्हतं.

हे शिक्षण संस्थेत बांधणंही महाराष्ट्राला नवं नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं; 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार जगाला करून दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. आणि बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार! त्यांनी व्यायामज्ञानकोश मराठीत काढला, एक-दोन नव्हे, दहा खंड. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. ज्या भाषेत व्यायामाचे दहा खंड लिहून झाले, त्या भाषेत आज माझ्या हाताखालच्या मुलांना देण्याजोगं, नव्या शास्त्राला धरून लिहिलेलं एक धड पुस्तक मला मिळत नाही. मी माझ्या वह्या झेरॉक्स करून देते.

गेली सहा वर्षं माझ्याकडे दरवर्षी चार-पाच मुलं-मुली हाताखाली शिकायला असतात. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, राधानगरी, कुठून कुठून येतात. पहिला महिनाभर मी त्यांना फक्त ऐकायला बसवते. आमच्याकडची माणसं दुखणं पुस्तकातल्या शब्दांत सांगत नाहीत. त्यांचे शब्द ठरलेले आहेत आणि ते नेमके आहेत. ‘पाठीत उसण भरली’ म्हणाली, तर बहुधा स्नायू धरलाय, शेक आणि हलक्या हालचालीने चार दिवसांत सुटेल. ‘कमरेपासून खाली कळ जाते, अंगठ्याला मुंग्या येतात’ म्हणाली, तर शीर दबली असल्याची शंका घ्यायची, वाकवणं-उचलणं बंद, डॉक्टरकडे पाठवायचं. ‘ठणकतं’ म्हणाली, तर सूज आहे का, कातडी गरम लागते का ते बघायचं. ‘गुडघा कटकट वाजतो’ म्हणाली आणि दुखत नसेल, तर तिला धीर द्यायचा. ‘छातीत भरून येतं’, ‘जिना चढताना गळ्याशी दाटतं’, ‘उगीच जीव घाबरा होतो’ म्हणाली, तर त्या दिवशी व्यायाम नाही. हृदयाचं दुखणं पुष्कळ बायका ‘दुखतं’ या शब्दाने सांगतच नाहीत. दाटतं म्हणतात, जड होतं म्हणतात.

आणखी एक वाक्य आहे, ते फार हळू आवाजात येतं. ‘अंग खाली येतं.’ म्हणजे गर्भाशय सरकलंय. तीन-चार बाळंतपणं झालेल्या, बाळंतपणानंतर लगेच पाण्याच्या घागरी उचललेल्या बाया हे सांगतात, तेही दार लोटलेलं असेल तर आणि समोर बाई असेल तर. अशा बाईला श्वास कोंडून जड वजन उचलायला लावलं तर आपण तिचं दुखणं वाढवतो. चार पर्यायांच्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही, कारण प्रश्न काढणाऱ्याने हे वाक्य कधी ऐकलेलं नसतं. बाई प्रशिक्षकांची गरज मी मांडते ती एवढ्यासाठी. नुसत्या लेडीज बॅचच्या सोयीचा हा प्रश्न नाही.

गेल्या वर्षी सदुसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या. तक्रार एकच, खाली बसलं की उठता येत नाही, म्हणून पंगतीत बसायचं सोडलं. माझ्याकडच्या मुलीने पुस्तकात शिकल्याप्रमाणे त्यांना स्क्वॉट दाखवला. आजींनी अर्धी बैठक मारली, टाचा उचलल्या गेल्या, आणि त्या खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. पुन्हा करीनात. मी त्या मुलीला खुर्ची आणायला सांगितलं आणि खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. हात पुढे, टाचा जमिनीला, उशीवर नुसतं टेकायचं आणि उठायचं. आठ वेळा झालं. दोन आठवड्यांनी एक उशी काढली. महिन्याने दुसरी. मग खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल आलं, मग एकावर एक ठेवलेले दोन पाट, शेवटी एकच पाट. पाचव्या महिन्यात नातवाच्या बारशाला आजी पाटावर जेवल्या आणि कुणाचा हात न धरता उठल्या. त्या मुलीने हे सगळं तारखांसकट लिहून ठेवलंय. किती उशांपासून सुरुवात करायची, हे तिला आता कळतं. माझ्या मते ती त्या दिवशी प्रशिक्षक झाली.

आहाराचं याहून बिकट आहे. बाजारातल्या नोट्समध्ये ओट्स, ब्रोकोली, अ‍ॅव्होकॅडो, सामन मासा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या घरात ज्वारीची भाकरी, आमटी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा कूट, ताक. प्रशिक्षकाला या ताटाचा हिशोब आला पाहिजे. तो अवघड नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत, त्यावरून मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. निरोगी प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला साधारण पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम पिठाची एक अशा दिवसभरात चार भाकऱ्या धरल्या तर वीस ग्रॅम. घट्ट आमटीत पंचवीस ग्रॅम डाळ, त्यातून पाच-सहा. मूठभर मटकीची उसळ, सात. तीस ग्रॅम शेंगदाणे, सात. दूध-दही मिळून तीनशे मिली, नऊ-दहा. पन्नासाच्या आसपास आलो की नाही? वजनं उचलणाऱ्या पोराला याहून जास्त लागतं, त्याला दोन-तीन अंडी, थोडी जास्त डाळ, सोयाबीन. ज्या घरात दूध येत नाही आणि आमटी पाण्यासारखी असते, तिथे खरोखर कमी पडतं. तिथे आधी डाळ वाढवायची. हे गणित एकदा हाताखालून गेलं की मुलगी कुणाचीही भाकरी बंद करत नाही. मी केली होती, कारण मला भाकरीत काय असतं तेच माहीत नव्हतं.

याच राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराच्या सतरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय की शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा. पण जिममध्ये प्रशिक्षकाच्या पगाराचा मोठा भाग कशावर असतो? पर्सनल ट्रेनिंगचं टार्गेट आणि डब्यावरचं कमिशन. पहाटे साडेपाचला यायचं, अकराला सुटायचं, पुन्हा साडेचार ते दहा. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची सुटी नाही, पस्तिशीनंतर पोट सुटलं की नोकरी नाही. अशा मुलाला मी ‘डबा विकू नकोस’ म्हणून उपदेश करते तेव्हा मला त्याच्या घरचं भाडंही दिसत असतं. तो लबाड नसतो. त्याला दुसरं काही विकण्याजोगं शिकवलेलंच नसतं. ज्ञान असेल तर माणूस ज्ञानावर पैसे घेईल.

आणि डब्याच्या पुढची पायरी सुई आहे. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांचे साठे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी वापरायचं हे औषध. पोरं ते जोर यावा म्हणून दंडात टोचून घेतात. शेजारी स्टेरॉइड्स असतातच. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने कबूल केलं की त्याला पहिली सुई त्याच्या ट्रेनरने दिली होती, आणि ट्रेनरला त्याच्या ट्रेनरने. ही सुद्धा एक गुरुपरंपराच झाली. ती तोडायची असेल तर नुसती धाड पुरणार नाही, तिथे शिकलेला माणूस उभा करावा लागेल.

आता कायद्याचं. 2021 साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत फिजिओथेरपिस्ट आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, क्रीडा पोषणतज्ज्ञही आहेत. ते योग्य झालं. आजारी माणसाचा आहार ठरवणं हे वर्षानुवर्षं शिकून आलेल्या आहारतज्ज्ञाचं काम आहे, आमचं नव्हे, आणि ती रेघ आमच्या अभ्यासक्रमात ठळक हवी. निरोगी माणसाला ताट कसं वाढायचं ते प्रशिक्षकाने सांगावं. साखर, मूत्रपिंड, यकृत, गरोदरपण आलं की थांबावं आणि चिठ्ठी लिहून पुढे पाठवावं. चिठ्ठी कशी लिहायची हेही शिकवावं लागतं. केंद्राच्या कौशल्य आराखड्यात फिटनेस ट्रेनर ही नोंदलेली भूमिका आहे, खेळ आणि व्यायामाच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येणाऱ्याच्या पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोयही आहे. चौकट आहे, महोदय. तिच्यात महाराष्ट्राने आपली माती भरायची आहे.

माझं मागणं असं आहे. आपल्या विभागाकडे आयटीआय आहेत, रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठ आहे. त्यांतून व्यायाम व आहार प्रशिक्षकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करा, मराठीतून, ज्यात निम्मे तास जाणत्या प्रशिक्षकाच्या शेजारी उभं राहून प्रत्यक्ष माणसांबरोबर काढायचे असतील. परीक्षा चार पर्यायांची नको. परीक्षार्थीसमोर तीन अनोळखी माणसं उभी करा : एक विशीतला, एक साखर असलेला, एक साठीपुढची बाई. त्यांना तो काय विचारतो, काय ऐकतो, कुठे थांबतो, ते परीक्षकाने बघावं. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं तंत्र, मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान पाच सेंटिमीटर खोल, हे पुतळ्यावर घामाघूम होईपर्यंत करून घ्या आणि दर दोन वर्षांनी पुन्हा तपासा. तालमीतल्या जाणत्या माणसांना पूर्वज्ञानाच्या मान्यतेतून आत घ्या, आणि निखळलेला खांदा ओढायचा नसतो हे त्यांनाही शिकवा. मुलींसाठी वसतिगृहाची सोय तालुक्यांच्या गावांपासून करा. आणि प्रत्येक जिमच्या दर्शनी भागात, मालकाच्या आणि नटांच्या फोटोंशेजारी, आत उभ्या असलेल्या प्रशिक्षकांचं शिक्षण मराठीत लिहिलेलं असावं, असा नियम करा. लोक वाचतील आणि विचारतील.

हे सगळं एका वर्षात होणार नाही हे मी जाणते. पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करा. त्यासाठी माझ्या वह्या मी विनामूल्य द्यायला तयार आहे. अमरावतीत, पुण्यात, कोल्हापुरात असे कितीतरी लोक आहेत ज्यांनी आयुष्यभर शिकवलंय आणि ज्यांना कुणी लिहायला बसवलेलं नाही. त्यांना बसवा. ते वस्ताद आता सत्तरीच्या पुढे आहेत.

त्या शिक्षिका आजही माझ्याकडे येतात. भाकरी खाऊन येतात. त्यांची साखर आता आटोक्यात आहे, औषध त्यांच्या डॉक्टरांनी बदललंय, आणि बदललेल्या गोळीचं नाव माझ्या वहीत आहे. नव्या मुलींना आहाराचा पहिला धडा मी त्यांच्यासमोर देते.

आमची सकाळची बॅच साडेसहाला सुरू होते. आपण, किंवा अभ्यासक्रम ठरवणारे आपल्या विभागाचे अधिकारी, कुठल्याही दिवशी न कळवता यावं आणि वही उघडून पाहावी. या महिन्यात तिच्यात चौसष्ट नावं आहेत. त्यांतल्या सत्तावीस जणींपुढे तिसरा रकाना भरलेला आहे.

आपली विश्वासू,
एक व्यायाम प्रशिक्षक, कोल्हापूर